दातांची शिबिरं पुरे, बालवाडीत रोज ब्रश हवा

लहान मुलांच्या दातांसाठी काहीतरी करू या असं एखाद्या वस्तीत, संस्थेत किंवा शाळेत ठरलं, की सगळ्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो शिबिराचा. दिवस ठरतो, दंतवैद्य येतात, मुलं रांगेत उभी राहतात, एकेक जण ‘आ’ करतो, कागदावर खुणा होतात आणि पालकांच्या नावाने एक चिठ्ठी दप्तरात जाते. यात कुणाचाही हेतू वाईट नसतो, राबणारी माणसं मनापासून राबतात. तरीही माझं म्हणणं असं, की तीन, चार, पाच वर्षांच्या मुलांचे दात खरोखर वाचवायचे असतील, तर समाजाने आपला पैसा आणि उत्साह शिबिरांतून काढावा आणि एका साध्या कामात घालावा. प्रत्येक बालवाडीत, प्रत्येक पाळणाघरात, मोठ्या माणसाच्या नजरेखाली, फ्लोराइड असलेल्या पेस्टने रोज एकदा ब्रश. वर्षभर, न चुकता.

शिबिरांबद्दल इतकं ठामपणे बोलायला आधार आहे. इंग्लंडच्या वायव्य भागात सहा ते नऊ वर्षांच्या सुमारे १७,००० शाळकरी मुलांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांमध्ये दातांची तपासणी केली, काहींमध्ये मुद्दाम केली नाही आणि काही महिन्यांनी दोन्हीकडच्या मुलांची तुलना केली. तपासणी झालेली मुलं दंतवैद्याकडे जास्त प्रमाणात गेली होती असं दिसलं नाही. त्यांच्या तोंडातली कीडही कमी झालेली नव्हती. चिठ्ठी घरी पोचल्यावर पुढे काय काय जुळून यावं लागतं याचा विचार केला, तर यात आश्चर्य वाटायला नको. कुणाला तरी कामावरून सुट्टी काढावी लागते, लहानांवर उपचार करणारा डॉक्टर सापडावा लागतो, पैसे लागतात आणि घाबरलेल्या मुलाला खुर्चीत बसवावं लागतं. ज्यांना हे सगळं जमतं त्यांच्या मुलांना मुळात चिठ्ठीची गरज कमी असते. ज्यांना जमत नाही, त्यांच्या हाती आपण मदत म्हणून फक्त एक अपराधी भावना ठेवतो.

दुसरं असं, की शिबिरात दिसतो तो खड्डा, आणि खड्डा पडेपर्यंत आजार जुना झालेला असतो. दातांवर जिवाणूंचा चिकट थर कायम असतो. आपण साखर खाल्ली की तो थर तिचं आम्ल करतो, काही मिनिटांत तिथला पीएच (आम्लता मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ५.५च्या खाली जातो आणि दातावरच्या एनॅमलमधून, म्हणजे बाहेरच्या कठीण आवरणातून, खनिजं विरघळू लागतात. मग लाळ हळूहळू आम्ल निवळवते आणि गेलेली खनिजं काही अंशी परत बसवते. याला अर्धा तास लागतो, कधी त्याहून जास्त. दिवसातून तीन-चार वेळा खाणाऱ्या मुलाच्या दाताला भरून निघायला वेळ मिळतो. दर थोड्या वेळाने गोड घोट घेणाऱ्या, हातात बिस्किट धरून हिंडणाऱ्या मुलाच्या दाताला तो मिळतच नाही. म्हणून साखर किती खाल्ली याइतकंच ती किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं. झोपेत लाळ जवळजवळ आटते, त्यामुळे गोड दुधाची किंवा रसाची बाटली तोंडात ठेवून झोपी जाणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात सगळ्यांत आधी जातात.

ते कसे जातात हे एकदा नीट पाहायला हवं. दीड-दोन वर्षांच्या मुलाचा वरचा ओठ अंगठ्याने अलगद उचलायचा. हिरडीला लागून दातावर खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली, तर तिथून खनिजं गेली आहेत. इथवर अजून सगळं परत फिरवता येतं. फ्लोराइड नियमित मिळालं आणि साखरेचे फेरे कमी झाले तर ती जागा पुन्हा टणक होते. काही महिने कुणी पाहिलं नाही, तर तीच रेघ पिवळी, मग तपकिरी होते, कडा झिजतात आणि तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडात दातांच्या जागी काळसर खुंट राहतात. दुधाच्या दाताचं एनॅमल कायमच्या दातापेक्षा पातळ असतं आणि आतली नस जवळ असते, म्हणून पहिल्या डागापासून गळवापर्यंतचा प्रवास फार वेगाने होतो. वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीला हा वेग गाठता येत नाही.

“दुधाचेच दात ना, पडणारच आहेत,” हे वाक्य मी इतक्या सुशिक्षित माणसांकडून ऐकलं आहे, की त्यावर थोडं थांबणं भाग आहे. पुढचे दात सहा-सात वर्षांत पडतात, हे खरं. पण दुधाच्या दाढा एक ते अडीच वर्षांच्या दरम्यान येतात आणि दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. वाढीच्या सगळ्या काळात मूल अन्न चावतं ते याच आठ दाढांनी. त्या अकाली काढाव्या लागल्या तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ उगवते. ती कुठलाही दात न पडता, सगळ्यात मागे येते, त्यामुळे घरात बऱ्याचदा कुणाला पत्ताच लागत नाही. किडलेल्या तोंडात उगवलेली ही दाढ पहिल्या दिवसापासून त्याच जिवाणूंच्या तावडीत असते. पुढे दात किडतील का, याचा सगळ्यांत भरवशाचा अंदाज आधीच्या किडीवरूनच बांधता येतो.

आणि वेदना? चार वर्षांचं मूल ‘माझी दाढ ठणकते’ असं सांगत नाही. ते जेवायला वेळ लावतं, घास गालात धरून ठेवतं, एकाच बाजूने चावतं, गार पाणी नको म्हणतं, रात्री उठून रडतं, दिवसा चिडचिड करतं. मग त्याला हट्टी ठरवलं जातं. कित्येक मुलांना न दुखणारं तोंड म्हणजे काय हे माहीतच नसतं, म्हणून ती तक्रारही करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशात पाच ते नऊ वर्षांची मुलं ज्या कारणाने सर्वाधिक वेळा रुग्णालयात दाखल होतात, ते कारण दात किडणं हे आहे, कारण अनेक किडके दात भूल दिल्याशिवाय काढता येत नाहीत. २००७ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात बारा वर्षांचा एक मुलगा दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत पोचून दगावला. एक दात वेळेवर काढला असता तर तो वाचला असता. असं क्वचित घडतं, पण ज्या आजाराला आपण ‘काय, दातच तर’ म्हणून बाजूला सारतो, तो कुठवर जाऊ शकतो हे त्यातून कळतं.

आता मुद्द्यावर येतो. रोजच्या ब्रशने काय होतं, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण स्कॉटलंडचं आहे. तिथल्या मुलांचे दात युरोपात बदनाम होते. २००३ मध्ये शाळेत नव्याने दाखल झालेल्या, म्हणजे साधारण पाच वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम ४५ टक्के मुलांच्या दातांत उघड कीड नव्हती. या शतकाच्या सुरुवातीला तिथे बालवाड्यांमध्ये देखरेखीखाली रोज ब्रश करण्याचा उपक्रम देशभर नेला, पुढे तो ‘चाइल्डस्माइल’ नावाच्या व्यापक कार्यक्रमाचा भाग झाला. २०१८ पर्यंत ४५चे ७१ टक्के झाले. ग्लासगोच्या संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा पाच वर्षांच्या मुलांच्या दातांवरील उपचारांचा वार्षिक खर्च २००१-०२ मधल्या सुमारे ८८ लाख पौंडांवरून २००९-१० मध्ये सुमारे ४० लाखांवर आलेला दिसला. बालवाडीतल्या ब्रशच्या उपक्रमाचा वर्षाचा खर्च होता सुमारे १८ लाख पौंड. सगळ्यांत जास्त फायदा झाला तो सगळ्यांत गरीब वस्त्यांतल्या मुलांना. मला या साऱ्यात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आरोग्याचे बहुतेक उपक्रम आधी खाऊनपिऊन सुखी घरांत पोचतात आणि दरी वाढवतात, या उपक्रमाने ती कमी केली.

प्रत्यक्षात ते कसं चालतं, हे तपशिलात पाहण्यासारखं आहे. बेसिनची रांग लागत नाही, नळसुद्धा लागत नाही. मुलं टेबलाभोवती किंवा खाली गोलात बसतात. ताई एका ताटलीत पेस्टचे छोटे ठिपके एकमेकांपासून दूर दूर काढतात, म्हणजे ट्यूबचं तोंड कुणाच्याच ब्रशला लागत नाही. प्रत्येक मूल आपल्या ब्रशने एक ठिपका उचलतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. ब्रशवर नावाऐवजी चित्र असतं, कारण वाचता येत नसलं तरी आपला मासा आणि आपलं फूल मुलांना बरोबर ओळखता येतं. ब्रश झाला की फेस कागदात थुंकायचा. चूळ भरायची नाही, कारण तोंडात उरलेलं थोडं फ्लोराइड हीच खरी कमाई असते. ब्रश झाकणाच्या, भोकं असलेल्या स्टँडवर एकमेकांना न टेकता उभे ठेवायचे, तिथे ते हवेवर वाळतात. सरावल्यावर सगळ्या वर्गाचं हे काम काही मिनिटांत उरकतं. फिलिपाइन्समधल्या शाळांनी याला हात धुण्याची आणि जंताच्या गोळीची जोड दिली आहे. रांगेने एकत्र हात धुवायचे, एकत्र ब्रश करायचा, वर्षातून दोनदा जंताची गोळी घ्यायची. साधनं तुटपुंजी असली तरी हे चालवता येतं, हे त्यातून दिसतं.

“पण हे आईवडिलांचं काम आहे,” असा आक्षेप लगेच येतो. आहेच. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत त्याला स्वतःचे दात नीट घासता येत नाहीत, त्याच्या हाताला ते वळणच नसतं, म्हणून रात्री झोपण्याआधीचा ब्रश मोठ्याच माणसाने करून द्यायला हवा. बालवाडीतला ब्रश त्याची जागा घेत नाही. पण ज्या घरात दोन पाळ्यांची नोकरी आहे, पाणी ठरावीक वेळीच येतं, आई आजारी आहे किंवा सांभाळायला फक्त थकलेली आजी आहे, त्या घराला ‘तुम्ही लक्ष देत नाही’ असं सुनावून एकही दात वाचलेला नाही. दातांबद्दल नुसती माहिती दिल्याने लोकांचं ज्ञान वाढतं, कीड मात्र त्यामुळे कमी होत नाही, हे गेल्या शतकाच्या शेवटापासून अनेक आढाव्यांत दिसलं आहे. तक्ते आणि चित्रकला स्पर्धा यांच्यावरचा माझा विश्वास त्यामुळेच उडाला आहे. उलट बालवाडीत रोज ब्रश करणारं मूलच घरी जाऊन ब्रश मागतं. दोन वर्षांच्या मुलाच्या हट्टाला शरण जायला पालकांना कुठल्याही प्रबोधनाची गरज लागत नाही.

ताईंवर आणखी एक काम लादलं जाईल, हा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. बालवाडीतल्या बायकांकडून आधीच त्यांच्या पगाराच्या मानाने फार अपेक्षा केल्या जातात. म्हणून हे काम त्यांच्या चांगुलपणावर सोडू नये. सुरुवातीला प्रशिक्षण, ब्रश आणि पेस्टचा वेळेवर पुरवठा, अधूनमधून येऊन अडचणी सोडवणारं माणूस आणि या वेळेचा मोबदला, एवढं दिल्याशिवाय हा उपक्रम सुरूच करू नये. कुठलाही उपक्रम बंद पडतो तो बहुधा तिसऱ्या महिन्यात, पेस्ट संपते आणि नवी कुणाकडे मागायची हे कुणालाच ठाऊक नसतं तेव्हा.

फ्लोराइडची भीती हा वेगळा विषय आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. फ्लोराइड जास्त पोटात गेलं, तर घडत असलेल्या कायमच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात. पाण्यातलं प्रमाण फार असेल तर हाडांनाही इजा होते. खरं तर फ्लोराइडचा गुण जगाला कळला तोच अशा डागांमुळे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने पाहिलं, की डागाळलेले दात किडत मात्र कमी होते. त्या डागांचं मूळ पाण्यातल्या फ्लोराइडमध्ये असल्याचं १९३१ मध्ये उघड झालं आणि १९४५ मध्ये अमेरिकेतल्याच ग्रँड रॅपिड्स शहराने आपल्या पाण्यात ते मोजून मिसळायला सुरुवात केली. प्रश्न प्रमाणाचा आहे. १,००० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत १,००० भाग फ्लोराइड असलेल्या, पेस्टचा तांदळाएवढा ठिपका मुलाने सगळा गिळला, तरी पोटात जातं साधारण ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड. ज्या भागात भूजलात फ्लोराइड जास्त आहे, तिथे आधी पाण्याची तपासणी करायलाच हवी. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. पण या भीतीपोटी ‘फ्लोराइडमुक्त’ किंवा फारच कमी फ्लोराइडची, फळांच्या चवीची पेस्ट घेऊन मुलांना ब्रश करायला लावणं म्हणजे सगळी मेहनत करून औषध तेवढं वगळणं. १,००० पीपीएमच्या खालच्या पेस्टचा किडीवर परिणाम होतो याला भक्कम पुरावा नाही. आकडा ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात छापलेला असतो, तो खरेदी करणाऱ्याने वाचावा.

साखरेचं काय? साखर हेच मूळ कारण, यात वाद नाही. रोजच्या एकूण ऊर्जेत बाहेरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांचा वाटा १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते आहे. पण इथेही मला घराघरात उपदेश करण्यापेक्षा नियम करणं जास्त परिणामकारक वाटतं. बालवाडीत पाणी आणि साधं दूध सोडून दुसरं पेय नको. बक्षीस म्हणून गोळ्या नकोत. वाढदिवसाला काय वाटायचं ते संस्थेने ठरवून द्यावं, म्हणजे एकट्या आईवर कंजूसपणाचा शिक्का बसत नाही. लहान मुलांची औषधं साखरेच्या पाकात येतात, दीर्घ आजारात ती महिनोन्‌महिने रोज घेतली जातात, तेव्हा बिनसाखरेचा पर्याय आहे का हे डॉक्टरांनी स्वतःहून पाहावं. सरकारच्या पातळीवर कराचा उपयोग होतो. ब्रिटनने २०१८ मध्ये साखरयुक्त पेयांवर कर बसवला, कंपन्यांनी करातून सुटण्यासाठी साखर कमी केली, आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये किडलेले दात काढण्यासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्रमाण, कर नसता तर जितकं असतं त्या अंदाजापेक्षा, सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरलं.

दंतवैद्यांची गरज नाही असं मी म्हणत नाही. त्यांना रांगेतली तोंडं मोजण्याच्या कामातून मोकळं करून उपचारांकडे वळवावं, एवढंच म्हणणं आहे. पांढरी रेघ शोधण्याचं काम लसीकरण करणारी परिचारिका करू शकते. पहिल्या दोन वर्षांत बहुतेक बाळं दंतवैद्याकडे एकदाही जात नाहीत, पण लसीसाठी अनेकदा येतात. त्याच भेटीत ओठ उचलून पाहायचा, पहिला दात दिसल्यापासून ब्रश सुरू करायला सांगायचं आणि गरज असेल तिथे फ्लोराइडचं वॉर्निश, म्हणजे दातावर लावायचा चिकट लेप, लावायचं. ते मिनिटभरात लागतं आणि दुखत नाही. खड्डा पडलाच असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रावण आहे, २०२१ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. सुई नाही, ड्रिल नाही, किडलेल्या जागेवर एक थेंब लावला की कीड बहुतेकदा तिथेच थांबते. ती जागा कायमची काळी पडते, हे पालकांना आधी सांगून त्यांची संमती घ्यायला हवी. न्यूयॉर्कच्या शाळांमधल्या अभ्यासात हे द्रावण शाळेतल्या परिचारिकांनी लावलं, तरी निकाल दंत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तोडीचा आला. जिथे मुलांचे दंतवैद्य दूर आणि थोडे आहेत, तिथे या एका गोष्टीने कितीतरी मुलांची भूल टळू शकते.

उरतो प्रश्न हिशेबाचा. ज्या समाजाला हे करायचं आहे, त्याने पहिल्या ब्रशच्या आधी आपल्या पाच वर्षांच्या मुलांपैकी किती जणांचे दात पूर्ण निरोगी आहेत हे मोजावं आणि तो आकडा जाहीर करावा. तपासणीचा खरा उपयोग इथे आहे. मग दरवर्षी त्याच वयाची नवी मुलं, त्याच पद्धतीने मोजावीत. पहिल्या वर्षी आकडा हलणार नाही, दुसऱ्या वर्षीही फारसा नाही, कारण आज पाच वर्षांच्या असलेल्या मुलांचे दात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच किडलेले आहेत. बदल दिसेल तो आज दोन वर्षांची असलेली मुलं मोठी होतील तेव्हा, म्हणजे तीन वर्षांनी. तोवर कुणीतरी बैठकीत उठून विचारेल, की इतका खर्च करून काय झालं, त्यापेक्षा एखादं चांगलं शिबिर घेऊ या. म्हणून दर तीन महिन्यांनी नवा ब्रश, पेस्ट, प्रशिक्षण आणि ताईंचा मोबदला यांची निदान पाच वर्षांची तरतूद पहिल्याच ठरावात लिहून घ्यावी, आणि त्या पाच वर्षांत पुरवठ्याची जबाबदारी कुणाची, हेही त्याच ठरावात नावानिशी नोंदवावं.